आरओव्ही: यंत्र कमी, वायर जास्त

मागच्या महिन्यात गावी एका लग्नात पंगतीला बसलो होतो, शेजारच्या काकांनी विचारलं, "तू नक्की काय करतोस रे, ते पाणबुडीचं काहीतरी?" म्हटलं पाणबुडी नाही काका, आरओव्ही, समुद्राखाली जाणारं यंत्र असतं, आत माणूस नसतो, आम्ही वर जहाजावर बसून चालवतो. काका म्हणाले, "म्हणजे पाण्यातला ड्रोन की, तो बघ फोटोवाल्याकडे आहे तसा." हो म्हटलं आणि मठ्ठ्याची वाटी तोंडाला लावली, कारण वाढपी डोक्यावर उभे असताना यापेक्षा जास्त समजावता येत नाही. पण तेव्हापासून ते डोक्यात राहिलंय, कारण ड्रोन म्हटलं की मुख्य गोष्टच सुटते. ड्रोनला वायर नसते. आणि आरओव्ही म्हणजे आधी वायर, मग तिच्या टोकाला बांधलेलं यंत्र. निदान मी तरी त्याच्याकडे असंच बघतो, आणि इलेक्ट्रिक आरओव्ही म्हणजे काय, ते काय करू शकतं, काय नाही, हे सगळं त्या वायरीकडून बघत गेलं की पटापट उलगडतं.

पहिला प्रश्न, आजकाल सगळं वायरलेस असताना वायर कशाला? तर खाऱ्या पाण्यातून वीज वाहते, आणि ज्यातून वीज वाहते ते रेडिओ लहरी गिळून टाकतं. घरातला वायफाय भिंतीपलीकडे कसाबसा पोचतो, समुद्राच्या पाण्यात तो वीतभरही धड जात नाही. मोबाईल, जीपीएस, ब्लूटूथ, सगळं पाण्याच्या वरच राहिलं. खाली चालतो तो फक्त आवाज, पण आवाज पाण्यात सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, म्हणजे ३००० मीटर खाली असलेल्या यंत्राला "डावीकडे वळ" सांगितलं तर ते पोचायला २ सेकंद आणि "वळलो" हे वर कळायला आणखी २ सेकंद, तोपर्यंत ते पाइपलाइनवर आपटलेलं असणार. शिवाय आवाजातून माहिती अगदी थेंबथेंब जाते, त्यातून लाइव्ह व्हिडिओ वगैरे विसराच. म्हणून वायर. तिच्यात तांब्याच्या तारा असतात वीज खाली न्यायला, केसाएवढे फायबर ऑप्टिकचे धागे असतात चित्र वर आणायला आणि हुकूम खाली न्यायला, आणि बाहेरून स्टीलच्या तारांचं चिलखत असतं सगळा भार उचलायला. हिला आम्ही अंबिलिकल म्हणतो, म्हणजे शब्दशः नाळच, आणि आरओव्ही जिवंत असतं ते या नाळेवर.

बिनवायरीची यंत्रंही असतात, त्यांना एयूव्ही म्हणतात, ती बॅटरीवर चालतात आणि आधीच शिकवलेल्या रस्त्याने एकटी फिरून येतात. २०१६ च्या जुलैमध्ये चेन्नईहून पोर्ट ब्लेअरला निघालेलं हवाई दलाचं एएन-३२ विमान २९ जणांसकट बेपत्ता झालं होतं, आठवत असेल. त्याचे अवशेष २०२४ च्या जानेवारीत सापडल्याचं जाहीर झालं, चेन्नईपासून ३१० किलोमीटरवर, ३४०० मीटर खोल, आणि तिथे चेन्नईच्याच राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने असंच एक एयूव्ही सोडलं होतं. सोनारने, म्हणजे आवाज सोडून त्याचा पडसाद ऐकत, तळ चाळत जायचा, फोटो काढायचे, हे त्या यंत्राला छान जमतं. पण समजा तिथे एखादा नट फिरवायचा आहे, दोर कापायचा आहे, एखादी वस्तू उचलून आणायची आहे, किंवा "हे काय आहे, थांब, जरा जवळ जा, अजून जवळ" असं करायचं आहे, तर तिथे माणसाचा हात आणि डोळा लागतो, आणि तो वायरीतूनच पोचतो.

कनिष्क आठवा. २३ जून १९८५, एअर इंडियाचं जंबो जेट आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ बॉम्बस्फोटात कोसळलं, ३२९ माणसं गेली. ब्लॅक बॉक्स पडले होते साधारण २००० मीटर खोल पाण्यात. ते वर आणले स्कॅरॅब नावाच्या आरओव्हीने, तीनच आठवड्यांच्या आत, आणि गंमत म्हणजे हे यंत्र मुळात टेलिफोनच्या समुद्री केबल दुरुस्त करायला बनवलेलं होतं, विमानं शोधायला नाही. दोन किलोमीटर खाली, काळोखात, पसरलेल्या अवशेषांमधून दोन डबे उचलायचे. ४० वर्षांपूर्वीच्या कॅमेऱ्यांवर. मी आजही कधी एचडी चित्र बघत कुरकुर करायला लागलो की ते स्कॅरॅब चालवणारे पायलट आठवतात.

आता विजेचं गणित, आणि हे घाबरण्यासारखं अजिबात नाही, तुमच्या कोपऱ्यावरच्या डीपीत तेच चालतं. महावितरण गावापर्यंत ११ हजार व्होल्टने वीज आणते आणि डीपीत ती उतरवून घरात २३० देते. का, तर व्होल्ट जास्त ठेवले की तेवढीच वीज न्यायला करंट कमी लागतो, आणि तारेत उष्णता होऊन वाया जाणारी वीज करंटच्या वर्गाप्रमाणे वाढते. समजा मोठ्या आरओव्हीला १०० किलोवॅट द्यायचे आहेत. ४०० व्होल्टने दिले तर २५० अँपिअर, ३००० व्होल्टने दिले तर ३३ च्या आसपास. करंट साडेसात पट कमी, आणि वाया जाणारी वीज ५६ पट कमी. म्हणून जहाजावर ट्रान्सफॉर्मर व्होल्ट चढवतो, वायरीतून हजारो व्होल्ट खाली जातात, आणि यंत्राच्या पोटात दुसरा ट्रान्सफॉर्मर ते उतरवतो. उलट केलं असतं तर तांबं इतकं जाड लागलं असतं की वायर माणसाच्या दंडाएवढी झाली असती, आणि जाड वायर म्हणजे काय दुखणं ते आता सांगतो.

समुद्र कधी उभा नसतो, प्रवाह असतोच. ढोबळ हिशेब करा, ३० मिलिमीटर जाडीची वायर, १००० मीटर पाण्यात सोडलेली, आडवा प्रवाह १ नॉट, म्हणजे तासाला दोन किलोमीटरही नाही, आपण बाजारात रमतगमत चालतो त्याच्याही निम्मा. एवढ्यावर त्या वायरीला प्रवाह साधारण ५०० किलोच्या जोराने ढकलतो. प्रवाह दुप्पट झाला की जोर चौपट, दोन टन. यंत्राचे पंखे मग पाण्यात काम करत नसतात, ते आपल्याच शेपटीशी कुस्ती खेळत असतात. यावर इलाज म्हणून पिंजरा वापरतात. आरओव्ही एका जड लोखंडी पिंजऱ्यात बसवून पिंजराच जाड अंबिलिकलवर खाली सोडायचा, वजनामुळे तो बऱ्यापैकी सरळ लटकतो, आणि कामाच्या जागेजवळ पोचला की त्यातून आरओव्ही बाहेर निघतं, दोन-तीनशे मीटर बारीक, मऊ, पाण्यात ना बुडणारी ना तरंगणारी अशी वायर घेऊन. या बारीक वायरीला टेदर म्हणतात. गाय खुंट्याला बांधून चरायला सोडतात तसंच, फक्त खुंटा जहाजाला लटकलेला. जहाज लाटेवर वरखाली होतं, पिंजराही त्याच्याबरोबर होतो, पण टेदर ढिली असल्यामुळे तो धक्का यंत्रापर्यंत पोचत नाही.

आणि ही टेदरच सगळ्यात जास्त घात करते. जपानचं कायको नावाचं आरओव्ही १९९५ मध्ये मारियाना गर्तेत १०,९११ मीटरवर टेकलं होतं, पृथ्वीवरची सगळ्यात खोल जागा, आणि २००३ मध्ये ते गेलं कशाने, तर अशीच ही दुसरी, यंत्राकडची वायर तुटली. यंत्र व्यवस्थित असणार, वायर नाही म्हणजे सगळं संपलं. त्याच्याही आधीची गोष्ट, १९६६ मध्ये स्पेनच्या पालोमारेस गावाजवळ अमेरिकेचं बॉम्बर विमान हवेतल्या टकरीत फुटलं आणि चारपैकी एक हायड्रोजन बॉम्ब समुद्रात गेला. तो उचलायला कर्व्ह नावाचं आरओव्ही पाठवलं आणि ते बॉम्बच्या पॅराशूटच्या दोऱ्यांत अडकलं. सुटेना. शेवटी बॉम्ब आणि आरओव्ही दोघांना एकत्रच वर ओढलं, आणि जमलं. माझ्या धंद्यातलं पहिलं मोठं यश हे अडकण्यातून आलंय, हे मला कायम धीर देतं.

बरं, आता टोकाला बांधलेल्या यंत्राकडे या. फोटोत बघितलं असेल, वरती पिवळा किंवा केशरी ठोकळा आणि खाली लोखंडी किंवा प्लास्टिकच्या सांगाड्यात नळ्या, डबे, दिवे. तो ठोकळा दिसायला थर्माकोल वाटतो पण थर्माकोल खोल पाण्यात चेपून जाईल, हा सिंटॅक्टिक फोम असतो, म्हणजे रेझिनमध्ये काचेचे अतिसूक्ष्म पोकळ गोळे मिसळून घट्ट केलेला. यंत्राचं सगळं वजन हा तोलून धरतो. आम्ही तोल असा लावतो की सगळं बंद पडलं तर यंत्र हळूहळू वर यावं, खाली जाऊ नये.

दाबाचा अंदाज यायला एक हिशेब. पाण्यात दर १० मीटरला दर चौरस सेंटिमीटरवर १ किलो दाब वाढतो. १० सेंटिमीटर व्यासाची कॅमेऱ्याची काच, खाऱ्या पाण्यात १००० मीटर खोल, तर त्या बशीएवढ्या काचेवर जवळजवळ ८ टन. म्हणजे दहा-एक छोट्या मारुती गाड्या एकावर एक. मग मोटरी वाचतात कशा? दोन रस्ते आहेत. एक, जाड भिंतीच्या बंद डब्यात ठेवा, कॅमेरा आणि इलेक्ट्रॉनिक्सचं असंच करतात. दुसरा रस्ता मला जास्त आवडतो. पाण्याची प्लास्टिकची बाटली रिकामी करून झाकण लावून खोल नेली तर चुरगळते, पण काठोकाठ भरून नेली तर तिला काही होत नाही, कारण आत चेपण्यासारखं काही उरलेलंच नसतं. तसं मोटरीत, गिअरमध्ये, केबलच्या जोडांमध्ये तेल भरायचं, आणि एक लवचिक रबरी पिशवी जोडायची, बाहेरचा दाब वाढला की पिशवी दबते आणि आतला दाबही तेवढाच होतो. भिंत पातळ असली तरी चालतं, कारण तिला कुणाशी लढायचंच नसतं.

आणि हे सगळं अडून असतं कशावर, तर दहा-वीस रुपयांच्या ओ-रिंगवर, म्हणजे डब्याच्या फटीत बसवायच्या रबरी कड्यावर. नवीन असताना मी एकदा कॅमेऱ्याचा डबा बंद केला, ग्रीस लावून, बोल्ट नीट कसून, सगळं व्यवस्थित. पाण्यात गेल्यावर ४० मीटरला इन्सुलेशनचं रीडिंग खाली यायला लागलं, मग धाडकन शून्य. वर काढून उघडलं तर डब्यात चमचाभर पाणी, आणि ओ-रिंगवर आडवा पडलेला एक केस. माझाच, तेव्हा होते. सुपरवायझर काही बोलला नाही, फक्त तो केस सेलोटेपने लॉगबुकात चिकटवला आणि खाली तारीख टाकली. तेव्हापासून मी ओ-रिंगवरून आधी बोट फिरवतो, मग नख, मग टॉर्च मारून बघतो, आणि तरी मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावल्याशिवाय पाण्यात सोडत नाही.

आता इलेक्ट्रिक या शब्दाकडे, कारण इथे बऱ्याच लोकांचा घोळ होतो. वीज सगळ्याच आरओव्हींना लागते. फरक एवढाच की ती वीज खाली पोचल्यावर तिचं काय करायचं. हायड्रॉलिक आरओव्हीत ती एक मोठी मोटर फिरवते, मोटर पंप फिरवते, पंप तेलाला दाब देतो, तेल नळ्यांमधून व्हॉल्व्हपर्यंत, व्हॉल्व्हमधून हायड्रॉलिक मोटरीला, आणि ती पंखा फिरवते. इलेक्ट्रिकमध्ये मधलं सगळं गाळलं, वीज थेट पंख्याच्या मोटरीला. प्रत्येक टप्प्यावर थोडी ताकद उष्णता होऊन जाते, त्यामुळे टप्पे कमी म्हणजे नासाडी कमी, नासाडी कमी म्हणजे खालून मागणी कमी, म्हणजे वायर बारीक, म्हणजे प्रवाहाचा जोर कमी, म्हणजे पंखे लहान चालतात, म्हणजे यंत्र हलकं, म्हणजे विंच आणि क्रेन लहान, म्हणजे जहाजही लहान चालतं. सगळी साखळी वायरीपासून सुरू होते आणि जहाजाच्या भाड्यापर्यंत जाते, आणि आमच्या धंद्यात सगळ्यात महाग गोष्ट जहाजाचं रोजचं भाडंच.

दुसरा फायदा चालवताना कळतो. ब्रशलेस मोटर हुकूम मिळाला की लगेच फिरते, लगेच थांबते, उलटी फिरते, त्यामुळे कॉम्प्युटर सेकंदाला कितीतरी वेळा छोटे छोटे धक्के देऊन यंत्र एका जागी धरून ठेवू शकतो. पंखे बसवायची पद्धतही बघण्यासारखी आहे. उदाहरणार्थ साब सीआय कंपनीचं फाल्कन, साधारण ६० किलोचं इलेक्ट्रिक यंत्र, ३०० मीटरचं मिळतं आणि १००० मीटरचंही, त्याला पाच पंखे, एक उभा, बाकीचे चार कोपऱ्यांत तिरपे. तिरपे का, तर चौघांच्या जोराची बेरीज-वजाबाकी करून पुढे, मागे, खेकड्यासारखं आडवं, जागच्या जागी गोल, सगळं होतं. सरळ बसवले असते तर आडवं जाताच आलं नसतं.

तिसरा फायदा आवाजाचा. हायड्रॉलिक पंप सतत घुरघुरत असतो. अमेरिकेत माँटेरे बे ॲक्वेरियम संशोधन संस्थेने टिबुरॉन नावाच्या आरओव्हीला इलेक्ट्रिक पंखे मुद्दाम लावले होते, प्राणी घाबरून पळू नयेत म्हणून. चौथा, तेलगळती कमी, नळी फुटून समुद्रात तेल जायची भीती कमी. नळ्या बदलत बसणं कमी हा पाचवा, पण तो फक्त माझ्या पाठीचा फायदा आहे.

मग सगळी इलेक्ट्रिक का नाहीत? जेसीबीचा हात बघा. तेवढ्याशा जागेत तेवढा जोर लावायचा असेल तर तेलाच्या सिलिंडरला अजून तोड नाही. २० एप्रिल २०१० ला मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझनचा स्फोट झाला, ११ माणसं गेली, आणि १५०० मीटर खाली विहीर वाहत राहिली ते थेट १५ जुलैपर्यंत. तिथे खाली सगळं काम आरओव्हींनीच केलं, जगाने ते लाइव्ह बघितलं. जूनच्या सुरुवातीला मोडका पाइप कापायला हिऱ्याच्या तारेची करवत लावली, ती अर्ध्यात अडकली, मग अजस्र हायड्रॉलिक कात्रीने तो चिरडत कापला. असली कामं टनावारी वजनाच्या हायड्रॉलिक यंत्रांची. आजही कितीतरी इलेक्ट्रिक आरओव्हींमध्ये पंखे विजेवर आणि हात मात्र एका छोट्या हायड्रॉलिक पंपावर अशी मिसळ असते. अलीकडे पूर्ण इलेक्ट्रिक, भारी कामाची यंत्रंही येतायत, हातासकट, आणि मला वाटतं गाडी तिकडेच चाललीय, पण उद्या लगेच पोचणार नाही.

आपल्याकडचं उदाहरण हवं तर तेच चेन्नईच्या संस्थेचं रोसब ६०००. रशियन संस्थेबरोबर मिळून बनवलेलं, इलेक्ट्रिक, ६००० मीटरसाठीचं, आणि २०१० मध्ये मध्य हिंदी महासागरात ते ५२८९ मीटरपर्यंत गेलं. तिथे तळावर बटाट्यासारखे गोळे पसरलेले असतात, त्यात मँगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट असतं, त्यांच्या शोधासाठी मुख्यतः हा खटाटोप. म्हणजे बघा, पाच किलोमीटरच्या वर वायर, तिच्या टोकाला आपलं यंत्र, आणि पेपरात एवढीशी बातमी.

आता रोजचं काम कसं असतं ते दाखवतो. मुंबईपासून साधारण १६० किलोमीटर पश्चिमेला बॉम्बे हाय, १९७४ मध्ये तेल लागलं, १९७६ पासून उत्पादन चालू. पाणी तिथे ७५ मीटरच्या आसपास, म्हणजे पाणबुडे, आम्ही डायव्हरच म्हणतो, जाऊ शकतात आणि जातात. पण नुसत्या हवेवर डायव्हर ५० मीटरपर्यंतच काम करतो, त्याखाली सॅच्युरेशन डायव्हिंग, म्हणजे दिवसेंदिवस दाबाच्या टाकीत राहायचं, आणि १०० मीटरचं काम झालं की बाहेर यायलाच चार-पाच दिवस लागतात, नाहीतर रक्तात बुडबुडे. काकीनाड्याच्या बाजूला, कृष्णा-गोदावरी खोऱ्यात, विहिरी १००० मीटरच्याही खाली आहेत, तिथे डायव्हरचा विषयच संपला, आरओव्ही नसेल तर कामच नाही.

तर समजा तिथल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मच्या पायाची तपासणी आहे. डेकवर कंटेनर, आत एसी इतका की मे महिन्यात स्वेटर. समोर स्क्रीन, कडेला आकडे, खोली ४२, दिशा २७०, टेदरला पीळ दोन उजवीकडचे. हा पिळाचा आकडा महत्त्वाचा, यंत्र एकाच बाजूने गोल गोल फिरत राहिलं तर टेदरला पीळ बसतो, म्हणून अधूनमधून उलटं फिरून पीळ उतरवायचा. कॅमेऱ्यासमोर निळसर हिरवं पाणी, लाल रंग पहिल्या काही मीटरांतच गेलेला, दिवे लावले की पायावरचे रंग एकदम उजळतात, कालवं, स्पंज, शेवाळ, हातभर जाडीचं. दिवे कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी कधी लावत नाहीत. पावसाळ्यात खंडाळ्याच्या धुक्यात हाय बीम मारला की समोर पांढरी भिंत होते ना, गाळाच्या पाण्यात तस्संच होतं, म्हणून दिवे लांब बाजूला. आणि तळाजवळ पंख्याने गाळ उडाला की मग दिवे असोत नसोत, डोळे मिटल्यासारखंच. तेव्हा सोनार चालू करायचा आणि नारिंगी ठिपक्यांवर विश्वास ठेवून थांबायचं.

पायावर ॲल्युमिनियम-जस्ताचे मोठे ठोकळे वेल्ड केलेले असतात, ते स्वतः गंजतात आणि स्टीलला वाचवतात. ते काम करतायत की नाही हे बघायला यंत्राच्या हातात एक टोकदार प्रोब असतो, तो उघड्या स्टीलला टेकवायचा. म्हणजे हातभर कालवं आधी पाण्याच्या फवाऱ्याने उडवायची, मग रुपयाएवढी चकचकीत जागा, मग हळूच पुढे, अजून पुढे, लाट आली, मागे ढकललं, पुन्हा. टेकलं. स्क्रीनवर आकडा थरथरतो आणि स्थिरावतो, उणे ९५० मिलिव्होल्ट. उणे ८०० पेक्षा खाली म्हणजे स्टील सुरक्षित, वर सरकलं तर काळजी. पुढचा पाय. असे शंभर-दीडशे आकडे दिवसभरात. यात कधी एक मोठा गोबरा मासा येऊन कॅमेऱ्यासमोर उभा राहतो, तोंड उघडं ठेवून, आणि हलत नाही. पंखे जरा वाजवले तरी नाही. क्लायंटचा माणूस मागे बसून म्हणतो, "काय चाललंय?" आणि आपण म्हणायचं, "सर, ट्रॅफिक."

हे सगळं ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात अरबी समुद्रात यंत्र पाण्यात टाकणं हाच धोका, कारण आरओव्हीला खोल पाण्यात त्रास नसतो, त्रास असतो हवा आणि पाणी मिळतात त्या पहिल्या काही मीटरांत, जिथे लाट यंत्राला जहाजाच्या अंगावर आपटू शकते.

लहान यंत्रांबद्दल दोन शब्द, कारण बदल खरा तिथे झालाय. ब्लूआरओव्ही-२ सारखं यंत्र दोन हातांत उचलून नेता येतं, मॉडेलप्रमाणे १०० किंवा ३०० मीटर जातं, बॅटरी त्याच्या पोटातच असते, त्यामुळे वायरीवर वीज न्यायचा भारच नाही, ती फक्त चित्र आणि हुकूम नेते, म्हणून पेन्सिलीएवढी बारीक. बॅटरी काही तासांत संपते, हा तोटा. धरणाच्या दरवाजाखालची जाळी बघणं, जहाजाचं बूड बघणं, नॉर्वेत सामन माशांच्या शेतीची जाळी फाटलीय का बघणं, अशी कामं ही यंत्रं करतात. कोचीची आयआरओव्ही आणि चेन्नईची प्लॅनिस या आपल्याकडच्या कंपन्याही या आकाराची यंत्रं बनवतात.

आणि दुसऱ्या टोकाला, यंत्र समुद्राच्या तळावरच मुक्कामाला ठेवायचं, तिथेच डॉक, तिथेच चार्जिंग, आणि पायलट किनाऱ्यावरच्या ऑफिसात. नॉर्वेच्या समुद्रात हे सुरू झालंय. यात जहाजच गेलं, भाडंच गेलं, लाटेचा त्रासही गेला. इलेक्ट्रिकशिवाय हे जमलंच नसतं, तेलाच्या नळ्या गळत असलेलं यंत्र महिनोन्‌महिने खाली ठेवणार कसं. वायर मात्र तिथेही आहे, फक्त ती जहाजावरून न लटकता तळावरून येते. बायकोला हे सांगितलं तर म्हणाली, म्हणजे तू रोज संध्याकाळी घरी? मी म्हटलं अजून वेळ आहे, तिच्या चेहऱ्यावरून नक्की काय वाटलं ते कळलं नाही.

तोपर्यंत आमचं चालूय तेच. गेल्या सीझनच्या शेवटी पिंजऱ्याजवळ अंबिलिकलच्या चिलखतातल्या दोन तारा तुटलेल्या दिसल्या, म्हणजे टोक कापून पुन्हा बांधणं आलं. २० मीटर वायर कापून टाकली. मग स्टीलच्या तारा एकेक उलगडून शंकूच्या आकाराच्या सॉकेटमध्ये पिंजारायच्या, रेझिन ओतायचं, रात्रभर सुकू द्यायचं, फायबरचे धागे भिंगाखाली एकमेकांना जोडायचे, श्वाससुद्धा जपून, कारण एसीचा झोत लागला तरी धागा हलतो, सकाळी ओढून बघायचं भार घेते का. पहाटे तीनला मी आणि एक पोरगा, रायगडकडचा, पहिलाच सीझन त्याचा, तिथे बसलो होतो. त्याने विचारलं, असं दर वेळी कापत गेलो तर? म्हटलं, ही आली तेव्हा १२०० मीटर होती, आता ११०० च्या आसपास असेल. त्याने लॉगबुकात नवी लांबी लिहिली, आणि मग बराच वेळ आधीची पानं उलटून जुने आकडे बघत बसला.